विभागाच्या ओळखपत्रकात कुणाचं नाव आधी लिहायचं?

प्रश्न: खानदेशातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात मी सहायक प्राध्यापक म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. विभागातल्या डॉक्टरांची आणि इतर कर्मचाऱ्यांची ओळख करून देणारं पत्रक आणि वॉर्डाबाहेर लावायचा फलक तयार करायचं काम विभागप्रमुखांनी मला दिलंय. जुन्या फलकावर फोटो, पद आणि पदव्या आहेत. तसाच नवीन करावा का? कुणाकुणाला घ्यावं, क्रम काय ठेवावा?

उत्तर:

मॅडम, हे काम तुमच्याकडे आलं ते बरंच झालं. एरवी ते लिपिकाकडे जातं आणि आस्थापनेच्या यादीची झेरॉक्स भिंतीवर येते. मी मेडिसिनमध्येच युनिटप्रमुख म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे जे सांगतोय ते मुख्यतः मेडिसिनच्या वॉर्डाबद्दल. सर्जरी किंवा प्रसूती विभागात तपशील थोडे बदलतील.

जुना फलक कुठे लावलाय ते आधी बघून या. बहुतेक ठिकाणी तो विभागप्रमुखांच्या केबिनसमोर असतो आणि तिकडे पेशंटचा नातेवाईक सहसा फिरकत नाही. त्यावरचे दोघं-तिघं बदली होऊन गेलेले असतात, एखादे निवृत्तही. खरं म्हणजे तो तपासणीला येणाऱ्या पथकासाठी असतो. तिथे ज्येष्ठतेचा क्रम, पदनाम, पदव्या सगळं योग्यच आहे, म्हणून त्याला हात लावू नका. तुमचा फलक वॉर्डाच्या दाराशी लागणार आहे आणि तो वाचणारा माणूस रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समधून उतरलेला असणार. अधिष्ठाता कोण, हे त्याला त्या घडीला नकोय. त्याचे प्रश्न साधे असतात: आमचा डॉक्टर कोण, तो केव्हा भेटेल, सलाईन संपलं तर कुणाला उठवायचं, आणि पैसे किती लागतील. या चार प्रश्नांसमोर जी माणसं उभी राहतात त्यांची ओळख त्याच क्रमाने करून द्या.

यातला सगळ्यात अवघड प्रश्न पहिलाच. तुम्हाला-मला युनिट पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कुणाला समजावून सांगावी लागेल असं मनातही येत नाही. बाहेरच्याला मात्र 'मेडिसिनचे डॉक्टर' म्हणजे सगळे एकच. प्रत्यक्षात विभागात चार-पाच युनिटं असतात, प्रत्येकाचा ओपीडीचा वार वेगळा आणि बहुधा त्याच दिवशी त्या युनिटची इमर्जन्सी. सोमवारी रात्री साप चावलेला माणूस आला तर तो सोमवारच्या युनिटचा. जागा नाही म्हणून त्याला दुसऱ्या वॉर्डात खाट दिली तरी तो सोमवारच्याच युनिटचा राहतो. मंगळवारी सकाळी त्याचा मुलगा शेजारच्या खाटेपाशी राउंड घेणाऱ्या डॉक्टरांना गाठतो आणि वडिलांचं विचारतो. उत्तर मिळतं, "हा आमचा पेशंट नाही." डॉक्टर खोटं बोलत नसतात. पण त्या पोराला ऐकू येतं ते असं, की इथे माझ्या बापाला वाली नाही. वॉर्डात होणाऱ्या निम्म्या वादावादीचं मूळ या एका वाक्यात असतं, असं माझं मत आहे.

म्हणून पत्रकाच्या अगदी वर, कुणाचंही नाव छापण्याआधी, मोकळी जागा सोडा: 'तुमचं युनिट ____, युनिटप्रमुख डॉ. ____, भरतीची तारीख ____, खाट क्रमांक ____'. भरती करून घेणाऱ्या निवासी डॉक्टरने ती पेनने भरायची आणि पत्रक नातेवाईकाच्या हातात द्यायचं. केसपेपरवर हे सगळं असतंच, पण केसपेपर सिस्टरकडे राहतो, आणि त्यावरचं अक्षर आपल्यालाच लागत नाही तिथे त्यांना काय लागणार! त्याखाली दोन ओळी पुरेत: 'तुमच्या पेशंटवर याच युनिटचे डॉक्टर उपचार करतील. रात्री-अपरात्री तातडीची गरज पडली तर ड्यूटीवरचे कोणतेही डॉक्टर बघतील.' दुसरं वाक्य गाळू नका, नाहीतर 'आमचं युनिट नाही' हे सांगायला आपल्याच लोकांना छापील आधार मिळेल.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही हेच आहे. आपल्यावर उपचार करणारे कोण, त्यांचा व्यावसायिक दर्जा काय आणि मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरवर आहे, हे जाणून घेण्याचा हक्क पेशंटला आणि त्याच्या माणसांना आहे, आणि रुग्णालयाने ही माहिती लेखी द्यावी, असं ती सनद म्हणते. विभागात कुणी "हे नवीन खूळ कशाला" असं म्हटलं तर हा कागद दाखवा.

आता निवासी डॉक्टर. विभागाचा खरा गाडा तेच ओढतात, आणि जुन्या फलकावर एकाचंही नाव नसतं. लोक त्यांना 'शिकाऊ डॉक्टर' म्हणतात, वर्तमानपत्रंही तसंच छापतात. त्यातून समज होतो की आपल्या माणसावर कुणीतरी हात साफ करून घेतंय. पत्रकात सरळ लिहा: निवासी डॉक्टर हे एम.बी.बी.एस. झालेले, नोंदणीकृत डॉक्टर आहेत आणि तीन वर्षांचा एम.डी.चा अभ्यासक्रम करत चोवीस तास विभागात काम करतात. मग वर्षांप्रमाणे फरक सांगा, कारण नातेवाईकाला तो उपयोगी पडतो. पहिल्या वर्षाचा डॉक्टर सकाळी राउंडच्या आधी रक्त घेतो, रिपोर्ट गोळा करतो, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठ्या करतो. 'रिपोर्ट आला का' हा प्रश्न त्याच्यासाठी. मुंबईत याला अजून हाऊसमन म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे डॉक्टर उपचारांची घडी बसवतात, रात्री पहिला निर्णय त्यांचा. 'तब्येत कशी आहे, पुढे काय करणार' हे त्यांना विचारायचं. त्यांच्या वर वरिष्ठ निवासी, म्हणजे एम.डी. झालेले. आणि मग तुम्ही, सहयोगी प्राध्यापक आणि युनिटप्रमुख. औषध बदलायचं, दुसऱ्या विभागाचं मत घ्यायचं, पेशंटला मोठ्या केंद्रात हलवायचं, घरी सोडायचं, हे शेवटी युनिटप्रमुखांच्या राउंडला ठरतं. राउंड किती वाजता असतो ते लिहा, आणि खरी वेळ लिहा. कागदावर नऊ आणि प्रत्यक्षात साडेदहा असेल तर साडेदहाच लिहा.

नातेवाईकांना भेटायची वेळ वेगळी ठेवता आली तर पत्रकाचं अर्धं काम तिथेच होईल. राउंड चालू असताना बोलणं होत नाही, आणि इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी तर रात्रभर जागलेला निवासी डॉक्टर एका शब्दात उत्तरं देतो. त्यात त्याचा उद्धटपणा नसतो, त्याला झोप हवी असते. 'दुपारी एक ते दोन, युनिटचे सहायक प्राध्यापक भेटतील' असं छापा, मात्र तुम्ही खरंच तिथे बसणार असाल तरच. अत्यवस्थ पेशंटच्या घरच्यांना पहिल्या वर्षाच्या मुलाने जिन्यात उभं राहून सांगू नये, तुम्ही बसवून सांगावं.

इंटर्न्सची नावं छापू नका. सध्याच्या नियमाप्रमाणे ते मेडिसिनमध्ये सहा आठवडे असतात, तुमचं पत्रक छापून येईपर्यंत दुसरी तुकडी आलेली असेल. 'आंतरवासिता करणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात' एवढं पुरे. एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी हे कर्मचारी नव्हेत, पण तेही ॲप्रन घालून खाटेपाशी येतात आणि एकाच पेशंटचं पोट सहा जण दाबून बघतात. 'विद्यार्थी तपासण्याआधी तुमची परवानगी घेतील, नको असेल तर तसं सांगा, उपचारांवर त्याचा परिणाम होणार नाही' ही ओळ माझ्या मते सक्तीची आहे.

तुम्ही स्त्री आहात म्हणून पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी पत्रकाच्या संदर्भात सांगतो. दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर एका आजोबांपाशी पंधरा मिनिटं उभी राहून पाणी किती प्यायचं, सूज कशामुळे, डायलिसिस लागेल का, हे सगळं समजावते. स्टेथोस्कोप गळ्यात. ती वळते तसा मुलगा विचारतो, "ताई, डॉक्टर कधी येतील?" आणि त्याच वॉर्डात पुरुष अधिपरिचारक, आपला ब्रदर, इंजेक्शनचा ट्रे घेऊन आला की त्याला सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. यावर भाषण देऊन उपयोग नाही. ओळखपत्रावर देवनागरीत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात 'डॉक्टर', 'परिचारिका', 'परिचारक', 'कक्षसेवक' लिहून घ्या, आणि दोन्ही बाजूंना लिहा. गळ्यातलं कार्ड नेहमी उलटं फिरतं आणि लोकांना बारकोड दिसत राहतो. पत्रकात याच शब्दांची आणि गणवेशांच्या रंगांची खूण द्या. रंग तुमच्या रुग्णालयात जे असतील ते, प्रत्येक ठिकाणी निराळे असतात.

परिचारिकांच्या बाबतीत एक आग्रह. सिस्टर इन्चार्जचं नाव फोटोसकट घ्या, आणि युनिटप्रमुखांच्या फोटोएवढाच मोठा फोटो घ्या. सरकारी कागदात त्या परिसेविका. कोणती खाट कधी रिकामी होणार, कोणतं औषध वॉर्डात आहे आणि कोणतं स्टोअरमधून मागवायचंय, कुणाला मधुमेहाचं डाएट लागू झालंय, कुणाच्या अंगाखाली चादर बदललेली नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. डॉक्टर बदलत राहतात, इन्चार्ज सिस्टर तुलनेने टिकून असतात. बाकीच्या अधिपरिचारिका तीन पाळ्यांत येतात आणि पाळी बदलताना ओव्हर देतात-घेतात. या अर्ध्या तासात खाटेखाटेपाशी उभं राहून एकमेकींना सगळं सांगायचं असतं, म्हणून त्या वेळी कुणी हाक मारली की त्या चिडतात. पत्रकात पाळ्या बदलायच्या वेळा द्या आणि 'या वेळेत फक्त तातडीच्या गोष्टीसाठी हाक मारा' असं लिहा. पाळीप्रमाणे नावं छापायची नाहीत, ड्यूटी चार्ट सारखा बदलतो.

आता मावशी आणि कक्षसेवक. विभागाची ओळख लिहिताना यांना हमखास गाळतात, आणि पेशंटला पहिल्या तासात जे भेटतात ते हेच. स्ट्रेचर ढकलणारे, एक्स-रेला नेणारे, शौचाचं भांडं देणारे. तुमच्या भागात त्यांचं आणखी एक काम आहे. सातपुड्यातून खाली आलेली बाई भिलोरी किंवा पावरी बोलते, तुमची निवासी डॉक्टर कोल्हापूरची असते. पोटात कुठे आणि कधीपासून दुखतं हे मावशीच्या तोंडून कळतं. अहिराणीचं तसं जमून जातं, बाकीच्यांचं नाही. म्हणून फलकावर प्रत्येक नावापुढे 'बोलता येणाऱ्या भाषा' असा एक रकाना ठेवा आणि त्यात मावशींचं नाव नक्की येऊ द्या. कागदोपत्री त्या दुभाषी नसतात, तसा भत्ताही मिळत नाही, निदान नाव तरी छापून येईल. सिकल सेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे पेशंट तुमच्याकडे पुन्हा पुन्हा भरती होत असतील, त्यांना या मावश्या नावाने ओळखतात. सिकल सेलचा समुपदेशक असेल तर त्याची खोली कुठे हेही लिहा.

आणि एक कडू गोष्ट. काही ठिकाणी स्ट्रेचरला, भांड्याला 'चहापाणी' मागितलं जातं. पत्रकात 'वॉर्डातल्या या कामांसाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत' अशी ओळ घाला. पण ती कर्मचाऱ्यांच्या नावांशेजारी नको, खर्चाच्या भागात घाला. एकाच्या करणीचा शिक्का सगळ्यांवर नको.

खर्चाचा भाग पहिल्या पानावर घ्या, शेवटच्या नको. इथे दोन माणसांची ओळख हवी: समाजसेवा अधीक्षक आणि आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा रुग्णालयात बसणारा मदतनीस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिससारख्या उपचारांना मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि लोकांना आरोग्यमित्र कोण हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं. तोवर घरची शेळी विकून झालेली असते. योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, नाव 2017 मध्ये बदललं, पण खेड्यातून येणारा माणूस अजून 'जीवनदायीचा माणूस कुठे बसतो' असंच विचारतो. म्हणून तेही नाव छापा. आरोग्यमित्राची खिडकी कुठे, वेळ काय, रेशनकार्ड आणि आधारकार्ड आणायचं, एवढं लिहा. योजनेत न बसणाऱ्यांसाठी, आणि ज्याच्यासोबत कुणीच नाही अशा पेशंटसाठी समाजसेवा अधीक्षक. ट्रस्टची मदत, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, हरवलेल्या माणसाच्या घराचा शोध, हे त्यांचं काम. ते विभागाचे नसून रुग्णालयाचे आहेत असा तांत्रिक मुद्दा कुणी काढेल. काढू द्या, नाव छापा.

औषधनिर्माता, ईसीजी आणि डायलिसिस तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी एकेक ओळ, खोली क्रमांक आणि वेळ पुरे. विषप्राशनाच्या केसमध्ये पोलीस चौकीतला हवालदार जबाबाला येतो. लोकांना वाटतं उपचार थांबवतील किंवा कुणाला तरी पकडून नेतील, आणि मग ते काय प्यायलं तेच लपवतात. 'पोलीस नोंद हा कायद्याचा भाग आहे, उपचार त्यासाठी थांबत नाहीत' ही ओळ तुमच्या भागात, फवारणीच्या हंगामात तर नक्कीच, कामाला येईल.

पदव्यांबद्दल थोडक्यात. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायच्या असतात आणि प्रिस्क्रिप्शन, प्रमाणपत्रांवर नोंदणी क्रमांक लागतो. फलकावरही महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक टाकला तर चांगलंच. सुवर्णपदकं, परिषदांमधली सदस्यत्वं, 'सुप्रसिद्ध', 'निष्णात' असलं काही नको. 'एम.डी. मेडिसिन' खाली मराठीत 'हृदय, फुप्फुस, किडनी, मधुमेह, ताप, विषबाधा अशा आजारांचे तज्ज्ञ' लिहिलंत तर वाचणाऱ्याला समजेल, कारण 'मेडिसिन' म्हणजे गोळ्या-औषधांचं दुकान असं समजून आत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्या रुग्णालयाच्या दारात मोठा फलक कसला आहे? बहुतेक ठिकाणी असतो तो 2010 च्या कायद्याचा: डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड. कायदा हवाच आहे, निवासी डॉक्टरांनी मार खाल्लेला मी जवळून पाहिलाय. पण रुग्णालयाने आलेल्या माणसाशी बोललेलं पहिलं वाक्य धमकीचं असावं, हे मला कधी पटलं नाही. तो काढता येणार नाही. तुमचा फलक त्याच्या आधी दिसेल अशा जागी लावा, एवढं जमतं का बघा.

कुणाचाही वैयक्तिक मोबाईल नंबर छापू नका, युनिटप्रमुखांचाही नाही आणि मुलींचा तर मुळीच नाही. वॉर्डाचा दूरध्वनी आणि अंतर्गत क्रमांक द्या, आणि तो फोन चालू आहे ना ते आधी लावून बघा.

रोज बदलणाऱ्या गोष्टींसाठी छापील फलकाशेजारी एक पांढरा बोर्ड लावा: आज कोणत्या युनिटची इमर्जन्सी, रात्री ड्यूटीवर कोणते निवासी डॉक्टर, कोणत्या सिस्टर. तो रोज संध्याकाळी इमर्जन्सीच्या युनिटमधल्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने भरायचा. मार्कर दोन दिवसांत नाहीसा होतो, तो गॉजच्या पट्टीने बोर्डाला बांधून ठेवा.

इतकं करूनही वाचता न येणारा माणूस उरतोच, आणि तुमच्या भागात तो एकटादुकटा नसेल. त्याच्यासाठी तोंडी ओळख. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाची वृद्धविकारांची तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाची पेशंट झाली. आपल्याला हात लावणारे कित्येक जण स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत हे तिला खाटेवरून दिसलं, आणि 2013 मध्ये तिने 'नमस्कार, माझं नाव अमुक' अशी मोहीम सुरू केली. 2016 मध्ये ती गेली, मोहीम तिकडच्या रुग्णालयांत रुजली. आपल्याकडे त्यासाठी बिल्ले वाटायची गरज नाही. निवासी डॉक्टरांना एवढंच वाक्य शिकवा: "आजी, मी डॉक्टर अमुक, तुमच्याच युनिटची. आज रात्री मी इथेच आहे." तुम्ही स्वतः राउंडला हे म्हणालात तर त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

छपाईला देण्याआधी कच्ची प्रत वॉर्डात न्या. रात्री नऊच्या सुमाराला, व्हरांड्यात पथारी टाकून बसलेल्या दोन-तीन नातेवाईकांना द्या आणि विचारा: तुमचं युनिट कोणतं, सलाईन संपलं तर कुणाला सांगाल, उद्या मोठे डॉक्टर किती वाजता, पैशांचं कुणाशी बोलाल. जिथे अडखळतील ती ओळ बदला. तळाशी छपाईची तारीख आणि 'बदल कळवा: विभाग कार्यालय' असं टाका, आणि निवासी डॉक्टरांची नवी तुकडी आली की दुरुस्तीचं काम कुणाचं, हे आत्ताच विभागप्रमुखांच्या सहीने ठरवून घ्या. एक प्रत अपघात विभागात ठेवा, भरती तिथूनच होते.